तिसरा वेढा

५ मार्च

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि मलाही काही झालेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या दारात येऊन बेल वाजवत उभं राहायची मला हौस नाही, म्हणून हा मार्ग. अकरा वर्षांनी लिहितेय तरी अक्षर ओळखशील. लहानपणी तूच म्हणायचास, हिच्या वहीत मुंग्या सोडल्यात.

तर बातमी अशी, की आपला चेटकिणींचा पिक्चर परत आलाय. चित्रपट संग्रहालयात त्याची मूळ रिळं सापडली, त्यांनी ती धुऊन-पुसून नवी केली. सातव्या रिळाच्या डब्यात, फिल्मच्या खाली, घडी घातलेला एक पिवळा कागद होता. तिथल्या मुलीने त्यावरच्या सहीवरून मला शोधून काढलं आणि फोन केला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्या पिक्चरला नक्की काय काम करत होतात?"

मी सांगितलं. एकच प्रसंग आज थोडा घेतात, उरलेला उद्या घेतात, कधी पंधरा दिवसांनी. काल पेला अर्धा भरलेला असेल तर आज अर्धाच लागतो. काल बाही डावीकडे फाटलेली असेल तर आज उजवीकडे फाटून चालत नाही. हे सगळं बघायचं आणि लिहून ठेवायचं, त्याला कंटिन्युइटी म्हणतात, आणि ते करणारी बाई म्हणजे मी. "सगळे मला घार म्हणायचे," असंही सांगितलं. ती हसली.

मग तिने कागद वाचून दाखवला. दिवस तेविसावा, दगडाची खाण, दुपारी तीन. टेक दोन. गाठ बदलली, सूचनेवरून. आणि विचारलं, "कुणाच्या सूचनेवरून, मॅडम?"

दादा, मी म्हटलं, भेटल्यावर सांगते.

तू ते पान माझ्यासमोर फाडलं होतंस. मेकअपच्या तंबूत, त्याच संध्याकाळी. चार तुकडे केलेस, खिशात घातलेस. पण पानाखाली कार्बन असतो आणि कार्बनखालची पिवळी प्रत फिल्मच्या डब्यातून थेट एडिटिंगला जाते, रोज जायची. आख्खं प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक नसावं! मलाही आठवलं नव्हतं, हे कबूल करते. आठवलं असतं तर त्या वयात बहुतेक मीच तुला सांगितलं असतं.

बावीस तारखेला पिक्चर दाखवणार आहेत. पिक्चर काढणाऱ्या कंपनीचे आपले मालक व्हीलचेअरवरून येणार, त्यांचा सत्कार आहे. तुझ्या पुस्तकाचं प्रकाशनही त्याच स्टेजवर, असं कळलं. अभिनंदन. मुलीने मला विचारलं, पिक्चर संपल्यावर चार शब्द बोलाल का.

मी हो म्हटलंय.

धाकटी

१० मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला. बिचारी आधी माझे गुडघे, मग माझं ब्लड प्रेशर, मग हवा, असं फिरून फिरून मुद्द्यावर आली. तुझा निरोप मिळाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तिला विचारलं, "वहिनी, मुठीत काय आहे हे तरी तुला माहीत आहे का?" तिला माहीत नाही. अडतीस वर्षं तुझ्या घरात राहून तिला माहीत नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

संग्रहालयात जाऊन आले. तळघरात खोल्या आहेत, भर दुपारी स्वेटर घालावा लागतो, आणि जुन्या फिल्मचा आंबूस वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. त्या मुलीने पांढरे हातमोजे घालून रीळ टेबलावर चढवलं आणि छोट्या पडद्यावर मला सगळा पिक्चर दाखवला. मी तो आजवर पाहिला नव्हता. खोटं वाटेल तुला. पन्नासेक पिक्चर केले, सगळे पाहिले, हा एक सोडून.

चांगला आहे रे. हेच तर दुखतं. त्यात एकही भूत नाही. सरकारने नेमलेला एक तपासनीस गावात येतो, चेटकिणी शोधायला. त्याचाही चेटकिणींवर विश्वास नाही, गावप्रमुखाचाही नाही. जिच्या नावावर विहीर आहे ती चेटकीण. जिचं घर रस्त्याला लागून आहे ती चेटकीण. बाई जळाली की अर्धं तपासनिसाचं, अर्धं गावप्रमुखाचं. आणि सगळं गाव उभं राहून बघतं, कारण बघणाऱ्याचं नाव घेत नाहीत. दिग्दर्शकाला हे सगळं नेमकं कळलं होतं. म्हातारा बरा माणूस होता, पण मालकांपुढे त्याची शेपूट पायातच असायची.

मग सातवं रीळ आलं. विहीरवाली बाई, म्हणजे ते काम करणारी आपली लवंगी.

मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हा सीन जगभरच्या अभ्यासकांना दाखवतात. एवढा खरा अभिनय त्या काळात कुणी केला नव्हता. या किंकाळीसाठी ध्वनीचं बक्षीस मिळालंय." मी म्हटलं, "बाळ, मशीन बंद कर." तिला वाटलं मला चक्कर आली. पाणी आणायला धावली.

येताना तिने तुझ्या पुस्तकाची प्रत दिली. पान अठ्ठ्याऐंशी. 'त्या दिवशी नटीने थोडी घेतलेली होती. नशेच्या भरात तिने स्वतःच दोर आवळून घेतला, असे चौकशीत निष्पन्न झाले.' वा! उचलली जीभ लावली टाळ्याला. दादा, तिचे दोन्ही हात खांबामागे बांधलेले होते. पाठीमागे हात बांधलेली बाई स्वतःची गाठ स्वतः कशी मारेल? चौकशीत सात शहाणे बसले होते, एकानेही हे विचारलं नाही. मालकांनी सांगितलं, सरकारातल्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली, आणि झालं निष्पन्न.

आणि पुढे काय झालं ते तुझ्या पुस्तकात नाही, म्हणून मी लिहिते. दवाखान्यातून ती बाहेर आली तेव्हा कुठल्याच सेटवर तिला पाऊल ठेवू देईनात. ती आली की लाइट उडतात, ती आली की कॅमेरा अडकतो. पनवती. अवदसा. पिक्चरच्या नावांमधूनसुद्धा तिचं नाव काढलं, अपशकुन नको म्हणून. चेटकिणींच्या छळावर पिक्चर काढणाऱ्यांनी स्वतःची एक चेटकीण तयार केली आणि गावाबाहेर काढली. मी त्या गर्दीत उभी होते, वही छातीशी धरून.

वहिनीला म्हणावं गुडघे ठीक आहेत.

धाकटी

१५ मार्च

दादा,

लवंगीला भेटून आले.

बसने पाच तास. पत्ता सेटवरचं सामानसुमान, दोर-बीर बघणाऱ्या प्रॉपर्टीवाल्या काकांच्या मुलीकडून मिळाला, काका गेले तरी ती अजून लवंगीला वर्षातून दोनदा पत्र लिहिते. मला वाटलं होतं, कुठेतरी अंधाऱ्या खोलीत, मान झाकून बसलेली असेल. म्हणजे माझ्या मनात मी तिला तशीच बसवून ठेवली होती, इतकी वर्षं.

ती पोहायला शिकवते! शहराच्या पोहण्याच्या तलावावर. मी आत गेले तर क्लोरीनचा वास, तीसेक पोरांचा गलका, आणि काठावर बिनबाह्यांच्या पोहण्याच्या कपड्यात ही उभी, कमरेवर हात ठेवून. दोन्ही मनगटांपासून खांद्यापर्यंत आणि इकडे मानेवर कातडी चुण्या पडलेली, चकचकीत. काही म्हणजे काही झाकलेलं नाही. आणि आवाज! "ए बेडका, पाय मार, पाय! पाणी तुला खात नाहीये!" पोरं तिला जराही घाबरत नाहीत, नुसती आवाजाला घाबरतात.

मला तिने लगेच ओळखलं. म्हणाली, "घार म्हातारी झाली की."

तिने थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला. बाकावर बसलो. मी पाच तास बसमध्ये जे घोकलं होतं ते सगळं विसरले आणि सरळ बोलले. आता तुलाही लिहून सांगते. तुला माहीत आहे, पण मी हे आजवर कागदावर लिहिलेलं नाही, आणि मागच्या दोन पत्रांतही शिताफीने टाळलं, ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

गाठ माझ्यामुळे बदलली.

आदल्या दिवशी नुसत्या मनगटांचा क्लोजअप घेतला होता. आग नाही, काही नाही, म्हणून काकांनी जाड दोराचे तीन वेढे देऊन निरगाठ मारली होती, छान दिसावी म्हणून. दुसऱ्या दिवशी पेटलेल्या गवताचा लांबचा शॉट. काकांनी मुद्दाम दोनच वेढे दिले आणि वर सुरगाठ, एक टोक लवंगीच्या मुठीत. ओढलं की सुटेल. तीनदा तालीम केली, तीनदा ती सुटून पळाली. पहिला टेक झाला. गवत नीट पेटलं नाही. दुसऱ्याची तयारी चालली होती आणि मी वही उघडून ओरडले, "काल तीन वेढे होते! आज दोनच आहेत!"

अभिमानाने ओरडले रे. बावीस वर्षांची होते, सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं.

काका म्हणाले, "मालक, ह्या जाड दोराला तीन वेढ्यांवर सुरगाठ बसत नाही." मालक घड्याळ बघत होते, मोठे साहेब यायचे होते. म्हणाले, "मग निरगाठ मारा. आग आठ पावलं लांब आहे, काय होतंय?" काका दिग्दर्शकाकडे बघत राहिले. दिग्दर्शक जमिनीकडे. काकांनी निरगाठ मारली. मी लिहिलं, गाठ बदलली, सूचनेवरून. सूचना कुणाची ते लिहिलं नाही. एरवी मी लिहायची, नावानिशी.

मग वारा फिरला. आणि पाण्याचा टँकर जागेवर नव्हता.

हे सगळं मी लवंगीला सांगितलं. झाकणातला चहा पायावर सांडला. तिने ऐकून घेतलं, मध्येच एका पोराला ओरडली, आणि मग म्हणाली, "मला ऐकू आलं होतं गं तुझं. 'काल तीन वेढे होते.' मी बांधलेली होते, बहिरी नव्हते."

अडतीस वर्षं तिला माहीत होतं, दादा.

मी विचारलं, "मग कुठे बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तुझ्यावर कशाला बोलू? तू तुझं काम केलंस. मूर्खासारखं केलंस, पण काम केलंस. माझा राग त्याचा नाहीच. चौकशीत तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, माझं लक्ष नव्हतं. तू! माझ्या नाकावर माशी बसली तर लिहून ठेवणारी तू! मी दवाखान्यात पडून ते ऐकलं, आणि तेव्हा मला कळलं की आता माझ्या बाजूने कुणीच नाही."

मी रडले. तिने रडू दिलं, थांब म्हटलं नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही. तिचा वर्ग संपायला वीस मिनिटं होती, ती उठून पोरांकडे गेली.

निघताना म्हणाली, "माफीबिफी राहू दे. त्या कागदाचं बोल. मला कुठे बसवणार?" मी म्हटलं, पहिल्या रांगेत. म्हणाली, "आणि वाचणार मी. तू नाही." मग हसली आणि स्वतःचे हात पुढे करून मलाच म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, बघून घे."

धाकटी

१९ मार्च

दादा,

भाचा येऊन गेला. केवढा उंच झालाय, टक्कलही पडायला लागलंय, तुझ्यासारखंच. माझ्या खोलीत खुर्ची एकच, म्हणून पलंगाच्या कडेवर अवघडून बसला आणि बॅगेतून वकिलाचा कागद काढला. आत्याला वकिलाची नोटीस द्यायची वेळ आली म्हणून त्याचे कान लाल झाले होते. पोरगा वाईट नाही.

नोटीस वाचली. मालकांची बदनामी, कंपनीचं नुकसान वगैरे. त्याच्याबरोबर तुझी चिठ्ठी, बिनसहीची, वाक्य तेच जुनं. 'तुझ्याच तोंडून निघालं होतं. तुझंच नाव येईल.'

हे वाक्य तू मला पहिल्यांदा तंबूत ऐकवलंस. बाहेर लवंगीला गाडीत घालत होते, तिचा आवाज बंद झाला होता, आणि तू माझे दोन्ही खांदे धरून म्हणालास, "छोटे, तू ओरडलीस हे सगळ्यांनी ऐकलंय. तुरुंगात जाशील. मी सांगतो तसं बोल, मी आहे ना." मला वाटलं, दादा वाचवतोय. मला कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. तुला आठवतं, मी तुझ्या मुलीसाठी स्वेटर विणत होते त्या हिवाळ्यात? उपकार मानत होते तुझे.

नंतर हळूहळू लक्षात आलं, की माझं नाव झाकण्यासाठी कुणी पान फाडलं नव्हतं. मी कोण? वही धरणारी पोरगी. ते पान फाडलं कारण त्यात आणखी एक ओळ होती. 'टँकर तीन वाजता रस्त्यावर पाठवला.' का पाठवला? तर मोठ्या साहेबांची गाडी येणार, खाणीच्या रस्त्यावर धूळ उडते, ती बसवायला. मालक म्हणाले आणि तू पाठवलास. मी लिहून ठेवलं, कारण टँकर सरकल्याने मागची सावली बदलली होती. मला सावलीचीच काळजी होती.

साहेबांच्या गाडीवर धूळ बसू नये म्हणून एक बाई जळाली. आणि चौकशी त्याच साहेबांच्या खात्याने केली. आपण काढलेल्या पिक्चरमधला तपासनीससुद्धा इतका निर्लज्ज नव्हता.

आणखी एक सांगते, हे तुलाही माहीत नाही. टेक दोनभोवती गोल मी केलाय. कुठला टेक वापरायचा त्याला गोल करतात. लवंगीला घेऊन गाडी गेल्यावर मालक कॅमेऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "दोन नंबर ओके आहे. असा पुन्हा मिळायचा नाही." आणि मी गोल केला. हात सवयीने चालला. कितीदा मनात आलं, तो गोल केला नसता तर निदान ती किंकाळी पडद्यावर गेली नसती. गेलीच असती म्हणा. पण माझ्या हाताने गेली नसती.

तर नाव येईल म्हणतोस. येऊ दे! मी साठीची आहे, एकटी आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते, मला कुठल्या कमिटीवर जायचं नाही. माझं नाव आलं तर मी ते शुद्ध अक्षरात लिहून देईन. तुला मात्र अडचण आहे, कारण तुझं नाव एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे.

नोटीस पोचल्याची सही करून दिली भाच्याला. चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आत्या, खरंच टँकर बाबांनी पाठवला होता?" मी म्हटलं, बाबांनाच विचार.

विचारलं का त्याने?

धाकटी

२३ मार्च

दादा,

काल तू स्टेजवर होतास, त्यामुळे सांगण्यासारखं नवीन काही नाही. पण तू डोळे खाली घालून बसला होतास. माझं लक्ष होतं, म्हणून मला जसं दिसलं तसं लिहिते.

हॉल भरलेला होता. सातव्या रिळाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत लवंगी माझ्या शेजारी, बिनबाह्यांचा निळा झगा घालून. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. स्वतःला जळताना ती पहिल्यांदाच बघत होती. पुटपुटली, "केस चांगले होते माझे."

मग मालकांना शाल, तुझं पुस्तक, फोटो. मग संग्रहालयाच्या मुलीने मला बोलावलं. मी उठले आणि लवंगीही उठली. मालकांनी तिला ओळखलं नाही. तू ओळखलंस. तुझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

तिने माईकवर स्वतःचं नाव सांगितलं, जे पिक्चरमध्ये नाही. मग कागद वाचायला लागली. दिवस तेविसावा. दगडाची खाण. दुपारी तीन. ऊन डावीकडून. टेक एक, वेढे दोन, सुरगाठ, गवत नीट पेटले नाही. एवढं वाचलं आणि तू मागे वळून आवाजवाल्याला खूण केलीस. माईक बंद.

अरे, तुला काय वाटलं? ती बाई रोज तीस पोरांना पाण्यात ओरडून शिकवते! तिला कशाला हवाय तुझा माईक? तिने माईक खाली ठेवला, पाय रोवून उभी राहिली आणि छातीतून आवाज काढला. शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा सरसावून बसला. "टँकर तीन वाजता रस्त्यावर पाठवला!" भिंतींवरून ते परत आलं. हात असे वर केले होते तिने, कागद धरायला, आणि सगळ्या हॉलला तिची मनगटं दिसत होती. तिसऱ्या रांगेतली एक बाई रडायला लागली.

मग ती थांबली. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ही ओळ तुझी आहे. तूच वाच."

माझा आवाज म्हणजे तुला माहीत आहे, मांजराला दाराच्या फटीत धरल्यासारखा. तरी वाचलं. टेक दोन. वेढे तीन. गाठ बदलली, सूचनेवरून. आणि मग जे लिहायचं राहिलं होतं ते बोलले. वेढे मोजून ओरडणारी मी. निरगाठ मारा म्हणणारे हे मालक. टँकर पाठवणारा आणि या कागदाची मूळ प्रत फाडणारा माझा सख्खा मोठा भाऊ, तो तिथे बसलाय. आणि चौकशीत खोटं बोलणारी पुन्हा मीच.

मालक हातवारे करत होते, कुणाला तरी बोलवत होते. कुणी जागचं हललं नाही. तुझ्या शेजारची बाटली तू उघडलीस, पाणी प्यायलास, झाकण लावलंस, परत उघडलीस.

त्या वेळी मला तुझी दया आली. लिहून ठेवते, कारण आली होती.

धाकटी

२६ मार्च

दादा,

अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझा फोन. मी गडबडले, "कोण बोलतंय?" असं विचारलं, आणि तू म्हणालास, "मी." वहिनी भाच्याकडे राहायला गेली, हे तू सांगितलंस. पुस्तक दुकानांतून परत मागवलं, हेही. मग म्हणालास, "तिचा पत्ता दे. मला जाऊन माफी मागायचीय. कुणाला कळायला नको."

मी विचार करून सांगते म्हटलं. दोन दिवस विचार केला, आणि लवंगीलाही विचारलं. उत्तर असं, की पत्ता देणार नाही.

तू तिच्या दारात जाशील, रडशील, ती चहा देईल, तुझं मन मोकळं होईल. आणि सरकारी दप्तरात ती जन्मभर दारू पिऊन स्वतःला बांधून घेणारी बाई राहील. 'कुणाला कळायला नको' म्हणे! खोटं सात माणसांसमोर, शिक्क्यानिशी बोललास, आणि खरं तिच्या व्हरांड्यात कुजबुजणार? असं नसतं, दादा. मीसुद्धा तिची माफी बाकावर बसून मागितली तेव्हा तिने ती घेतली नाही, आणि बरोबर केलं.

चौकशी पुन्हा उघडावी म्हणून आम्ही अर्ज भरलाय. तो द्यायचा आहे गुरुवारी सकाळी अकरा वाजता, चौकशी झाली त्याच कार्यालयात, दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार. साहेब गेले, दिग्दर्शक गेला, प्रॉपर्टीवाले काका गेले. मालक आता 'मला आठवत नाही' म्हणतील, त्यांच्या वकिलाने तसं पत्रच दिलंय. टँकर कुणाच्या शब्दावरून हलला हे तोंडाने सांगू शकणारा माणूस आता तू एकटाच उरलायस. तुझ्याशिवायही अर्ज जाणारच. पण कागद एकटा असला की त्याला खोटा म्हणणं सोपं जातं, हे मला कुणी शिकवायला नको.

तू मला वाचवलंस असं मी अर्धं आयुष्य समजत होते. आता तू मला वाचवू नकोस, मलाही तुला वाचवता येणार नाही. मी चिडलेली आहे आणि तू माझा भाऊ आहेस, दोन्ही खरं आहे.

अर्जाचा तक्ता मीच भरला, मुंग्यांच्या अक्षरात. पहिल्या ओळीत लवंगीचं नाव, पुढच्या रकान्यात 'तक्रारदार'. दुसऱ्या ओळीत माझं नाव, पुढे 'साक्षीदार' लिहिलं होतं, ते खोडून 'साक्षीदार व दोषी' असं केलं. कारकून म्हणाला, बाई, असा रकाना नसतो. मी म्हटलं, आता आहे.

तिसऱ्या ओळीत तुझं नाव लिहिलंय, पूर्ण. त्यापुढचा रकाना अकरा वाजेपर्यंत कोरा राहील. आलास तर तुझ्या हाताने भर. नाही आलास तर मी भरीन.

धाकटी